फाल्गुनातील लहान सुखे : बंदी नको, प्रमाण हवे

महाशिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. पण आपल्या बीड जिल्ह्यात वैशाखात कुठला आला वसंत? तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आपला खरा वसंत शिवरात्रीपासून पाडव्यापर्यंतचा, म्हणजे जेमतेम एक महिन्याचा. पहाटे अंगावर पांघरूण हवे असते आणि दुपारी पंखा लावावा लागतो. आंब्याचा मोहर घमघमतो, बालाघाटच्या डोंगरात पळस फुलतो, रानात हरभऱ्याचे घाटे भरतात आणि बसस्टँडजवळच्या रसवंतीचे घुंगरू वाजू लागतात.

या दिवसांत डॉक्टराने लेख लिहायचा म्हणजे ‘काय टाळावे’ याची यादी ठरलेली. आजवर मीही अशा याद्या पुष्कळ दिल्या. यंदा मात्र या महिन्यातली सुखे कशी आणि किती घ्यावीत, हे सांगायचे आहे. त्यासाठी आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगावी लागेल.

गुरुजींची यादी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक मधुमेहासाठी माझ्याकडे येत. वय सत्तरीला आलेले. एकदा तपासणीत साखर वाढलेली निघाली. मी गोळ्या वाढवल्या आणि गर्दीच्या वेळी घाईघाईत यादी सांगून टाकली : साखर बंद, गूळ बंद, ऊस बंद, हुरडा बंद, बोरे बंद, भात बंद, बटाटा बंद. गुरुजी शिस्तीचे. त्यांनी यादी सुवाच्य अक्षरात लिहिली, भिंतीला चिकटवली आणि अक्षरशः पाळली.

दीड-दोन महिन्यांनी, शिवरात्रीच्या आसपास, त्यांची सून त्यांना रिक्षात घालून घेऊन आली. “डॉक्टरसाहेब, मामा आठ दिवसांपासून नीट बोलत नाहीत. पहाटे घाम येतो, हात कापतात. जेवण तर चिमणीएवढं झालंय. रानातसुद्धा जायचं सोडलं त्यांनी.”

रक्तातली साखर तपासली तर ५८. सत्तरच्या खाली साखर गेली की धोक्याची घंटा समजतात. म्हणजे या वेळी दुखणे साखर वाढल्याचे नव्हते, कमी झाल्याचे होते. माझ्या यादीने पोटातले अन्न निम्मे झाले होते आणि वाढवलेल्या गोळ्या मात्र तशाच चालू होत्या. साखरपाणी दिले, बराच वेळ दवाखान्यात बसवून पुन्हा तपासले, गोळ्या कमी केल्या. माणूस ताळ्यावर आला. मग मी विचारले, “गुरुजी, रानात जायचं का सोडलं?”

ते म्हणाले, “जाऊन काय करू डॉक्टर? पोरं हुळा भाजतात. मी नुसतं बघत बसू? तुम्हीच तर बंद केलंय.”

मी हुरडा म्हणालो होतो. गुरुजींनी हुरड्याबरोबर हुळाही बंद धरला. वास्तविक हिरवा हरभरा हा मधुमेही माणसाला ज्वारी-गव्हापेक्षाही सोयीचा. त्यात प्रथिने आणि तंतू भरपूर असल्याने साखर सावकाश वाढते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की हुळ्याबरोबर त्यांचे रानापर्यंतचे रोजचे दोन-अडीच किलोमीटर चालणे बंद झाले. नातवंडांत बसणे बंद झाले. भूक गेली. झोप गेली. मी एक पदार्थ बंद केला आणि त्याच्यामागे त्यांचा अख्खा दिवस बंद पडला. हे माझ्या लक्षात यायला ५८ हा आकडा दिसावा लागला.

तेव्हापासून ‘बंद’ हा शब्द लिहिताना मी हात आखडता घेतो.

या महिन्यात शरीरात काय होते?

थंडीतून उन्हाळ्यात जाताना शरीराला सवय लागायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाऊ लागते आणि थोड्या उन्हाने हृदयावर येणारा ताण कमी होतो. ही तयारी घरात बसून होत नाही. थोडे-थोडे ऊन आणि थोडे-थोडे श्रम अंगावर घेतल्यानेच होते. म्हणून फाल्गुनात रोज अर्धा-पाऊण तास बाहेर पडणारा माणूस वैशाखात तग धरतो. महिनाभर घरात बसून एकदम एप्रिलच्या लग्नसराईत भर दुपारी बाहेर पडणारा माणूस चक्कर येऊन पडतो. तेव्हा या दिवसांतले बाहेर फिरणे ही चैन नाही, उन्हाळ्याची पेरणीपूर्व मशागत आहे.

सकाळचे फिरणे

अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना आम्ही काही मित्र पहाटे मुकुंदराजांच्या समाधीकडे चालत जात असू. दरीतून येणारा गार वारा आणि कोकिळेचा आवाज अजून आठवतो. परीक्षेच्या दिवसांतही त्या फेरीने डोके जागेवर राही. त्याचे कारण पुढे कळले. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की मेंदूतले घड्याळ जुळते आणि रात्री झोप वेळेवर येते. ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी गोळी मागण्यापूर्वी महिनाभर हा उपाय करून पाहावा.

आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे पुरेसे मानले जाते. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. शक्यतो मैदानावर किंवा रानाच्या वाटेने चालावे. मोठ्या रस्त्याने जायचेच असेल, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे आणि अंधारात पांढरे कपडे घालावेत.

एक गैरसमज येथे दूर करतो. कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व भरपूर मिळते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडते, तेव्हाचे ऊन त्यासाठी लागते. या दिवसांत आपल्याकडे ती वेळ सकाळी दहाच्या सुमारास येते. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे हात-पाय उघडे ठेवून अंगणात बसले तरी चालेल. शेंगा निवडणाऱ्या आजीबाईंना हे ऊन आपोआप मिळते.

हुरडा, हुळा आणि ओंब्या

शिवरात्रीपर्यंत हुरड्याचे दिवस सरत आलेले असतात, पण उशिरा पेरलेल्या रानात हुळा आणि गव्हाच्या ओंब्या मिळतात. भाजलेले ढाळे हातावर चोळायचे, फुंकर मारायची आणि काळ्या तोंडाने खायचे, याला तोड नाही. हिशेब मात्र एवढाच ठेवावा : हुरडा म्हणजे ज्वारी आणि ओंबी म्हणजे गहूच. ज्या वेळी ते खाल्ले, त्या वेळी भाकरी-पोळी तेवढी कमी करावी. जेवण करून वर हुरडा नको. हुरड्याबरोबरचा गूळ मधुमेही माणसाने सोडावा, शेंगदाण्याची चटणी आणि दही घ्यावे. रक्तदाब असलेल्यांनी चटणीतले मीठ जपून घ्यावे.

ढाळ्यांवरची आंबट आंब चाटायला सर्वांनाच आवडते. काही घरी पहाटे हरभऱ्यावर धडपे पसरून ती आंब पिळून ठेवतात आणि पोटदुखीवर देतात. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. चव म्हणून ठीक आहे, पण ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी ती औषध म्हणून घेऊ नये. हल्ली पिकावर फवारणी होते, हेही विसरू नये. फवारलेल्या रानातले ढाळे तसेच तोंडात घालू नयेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे हरभरे, शेंगदाणे, बोराच्या बिया, चिंचोके हातात देऊ नयेत. हसता-पळताना दाणा श्वासनलिकेत जातो. मूल एकाएकी ठसकू लागले, निळे पडू लागले, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, दाणा आणखी आत जातो. वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात आणि तसेच दवाखाना गाठावा. मोठ्या मुलालाही पुढे वाकवून तशाच थापा द्याव्यात. ठसका थांबला, पण नंतर श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला किंवा खोकला हटेना, तरी डॉक्टरांना ‘दाणा खाताना ठसका लागला होता’ हे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान होते.

बोरे, कवठ, चिंच

बोरांत क जीवनसत्त्व चांगले असते. धुऊन खावीत, एवढीच अट. मधुमेही माणसाने मूठभर खाल्ली तर काही बिघडत नाही, कारण फळ चावून खाताना साखर सावकाश रक्तात जाते. शिवरात्रीला कवठाची चटणी बहुतेक घरी होते. तिच्यात गूळ किती घालायचा, ते आपल्या हाती आहे.

याच दिवसांत दुपारी ओसरीवर चिंचा फोडायला बायका एकत्र बसतात. हात चालतो, तोंडही चालते. पित्ताचा त्रास असलेल्यांनी बेताने खावी. दातांसाठी एक सूचना : आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. आम्लाने दातांचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ होतो, घासल्याने झिजतो. नुसती चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत.

शिवरात्रीच्या उपवासाबद्दल थोडे. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला किंवा बीडच्या कंकालेश्वराला लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारून डोस ठरवावा. खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन-चार चमचे साखर लगेच पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घेऊन दवाखान्यात जावे. बरे वाटले तरी गोळ्यांचा असर पुष्कळ वेळ राहतो, म्हणून काहीतरी खाऊन डॉक्टरांना कळवावे. उपवास मोडला म्हणून देव रागावत नाही.

रसवंती आणि माठ

रसवंतीवरचा बाक हे आपल्या गावोगावचे सभागृहच आहे. धडधाकट माणसाने एक पेला रस घेण्यास हरकत नाही. पण मोठ्या पेल्यात सहा-सात चमचे साखर असते आणि चोथा निघून गेल्याने ती झपाट्याने रक्तात जाते. म्हणून मधुमेही माणसाला येथे मात्र मी ‘बंद’च म्हणतो. बाकावर बसायला आणि गप्पा मारायला बंदी नाही. इतरांनी रस बिनबर्फाचा मागावा. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे आपल्याला ठाऊक नसते आणि कावीळ, विषमज्वर याच वाटेने येतात. पेला नीट धुतलेला आहे का, तेही पाहावे.

घरी या महिन्यात नवा माठ येतो. पहिल्या दिवशी पाण्याला येणारा मातीचा वास कोणत्याही सरबतापेक्षा सरस. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपली हवा कोरडी, म्हणून माठ आपल्याकडे चांगले काम करतो. तो वाऱ्याच्या जागी, तिवईवर ठेवावा. आठवड्याला आतून नुसत्या पाण्याने घासून धुवावा. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे, हात बुडवू नये. माठाने पाणी गार होते, शुद्ध होत नाही. शंका असेल तेव्हा उकळून किंवा क्लोरिनचे थेंब टाकूनच भरावे.

आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येते? त्यामुळे घरोघर टाक्या, पिंपे भरलेली असतात. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करावीत. जे पाणी ओतून देणे परवडत नाही, ते जुन्या धोतराने किंवा साडीने घट्ट झाकावे.

होळी आणि रंग

होळीच्या धुराने दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. त्यांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब उभे राहावे आणि आपला पंप खिशात ठेवावा. पुरणपोळी दम्याच्या रुग्णाला चालते. मधुमेही माणसाने एक पोळी तूप लावून खावी, त्या जेवणात भात घेऊ नये आणि कटाची आमटी हवी तेवढी ओरपावी.

धुळवडीच्या गमती आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. केज तालुक्यातील विडा गावात जावयाला गाढवावर बसवून मिरवतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. हसण्याला कोणतेही पथ्य नाही. रंगांना मात्र आहे. बाजारच्या चमकदार रंगांनी त्वचेवर चट्टे येतात, डोळे लाल होतात. पळसाची फुले रात्री पाण्यात भिजवून सकाळी उकळली की सुंदर केशरी रंग मिळतो. मुलांना फुले गोळा करायला पाठवावे, निम्मा आनंद त्यातच आहे. डोळ्यांत रंग गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवावे.

वाळवण, माळवद आणि घरी आलेली माणसे

पुढच्या पंधरवड्यात गच्चीवर वाळवणे पडू लागतील. कुरडईचा गरम चीक आणि पापडाची लाटी खाल्ल्याशिवाय उन्हाळा सुरू होत नाही. पापडात मीठ आणि खार असतो, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णाने वर्षभर रोज पापड खाऊ नये. पण चार घरच्या बायकांबरोबर बसून लाटायला काही हरकत नाही. एकटेपणा हाही प्रकृतीला अपायकारक आहे, हे आता वैद्यकशास्त्र मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या प्रश्नासाठी स्वतंत्र आयोग नेमला. आपल्याकडे पाटावर समोरासमोर बसलेल्या बायकांनी त्यावर उपाय केव्हाच शोधलेला आहे.

वाकळा, गोधड्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात, दम्याच्या घरी तर नक्कीच. माळवदावर किंवा गच्चीवर झोपायला सुरुवात करणाऱ्यांनी मच्छरदाणी लावावी आणि पहाटेच्या गारव्यासाठी पांघरूण उशाशी ठेवावे. ज्या गच्चीला कठडा नाही, तेथे म्हाताऱ्या माणसांनी आणि मुलांनी झोपू नये.

आणि आपल्या जिल्ह्यातले या दिवसांचे सर्वांत मोठे सुख म्हणजे कारखान्यांचे पट्टे पडू लागतात आणि ऊसतोडीला गेलेली माणसे घरी येतात. सहा महिने बंद असलेल्या घरांची कुलपे निघतात, अंगणात सडा पडतो. पहिले चार दिवस त्यांना झोपू द्यावे, पोटभर जेवू द्यावे. त्यानंतर मात्र आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, मुलांच्या राहिलेल्या लसी पूर्ण कराव्यात. बायकांनी अंगावर काढलेली दुखणी या दिवसांत दाखवावीत. कोणी ‘पिशवी काढून टाका’ म्हणाले, तर घाईने होकार देऊ नये, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. याच प्रश्नावर २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली होती.

घरी लक्षात ठेवावे असे

१. रोज सकाळी अर्धा तास घराबाहेर. एकट्याने जमत नसेल तर सोबत धरावी.

२. नवा पदार्थ ताटात आला की जुना तेवढा कमी करावा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना जेवण मात्र चुकवू नये.

३. लहान मुलांच्या हाती अख्खे दाणे देऊ नयेत.

४. रक्तदाबासाठी ‘पाण्याच्या गोळ्या’ घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना एकदा भेटावे. घाम वाढला की डोस बदलावा लागू शकतो. मनाने गोळी बंद करू नये.

५. डॉक्टरांनी काही बंद केले, तर त्याऐवजी काय खायचे आणि किती, हे तेथेच विचारून घ्यावे. विचारल्याने डॉक्टरांना राग येत नाही, आणि आलाच तर येऊ द्यावा.

गुरुजींची ती यादी मी भिंतीवरून काढायला लावली. दुसरी यादी माझ्या हाताने लिहून दिली. तिच्यात ‘सकाळी रानात चालत जाणे’ ही पहिली ओळ आणि ‘हुळा दोन मुठी, तेव्हा भाकरी अर्धी’ ही दुसरी. आज ते पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. साखर कधी थोडी वर, कधी खाली, पण घाम येऊन थरथरण्याची वेळ पुन्हा आली नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या नातवाने दवाखान्यात ढाळ्यांची पेंढी आणून दिली. दुपारी रुग्ण संपल्यावर कंपाउंडर आणि मी, दोघांनी मागच्या अंगणात चार काटक्या पेटवून ते भाजले. संध्याकाळी पहिल्या रुग्णाने माझ्या काळ्या बोटांकडे पाहून विचारले, “डॉक्टरसाहेब, हुळा?” मी हो म्हणालो आणि हात धुऊन त्यांची नाडी पाहिली.